रॉड घातलेल्या नडगीला चुंबकीय यंत्र लावावं का?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबांचं वय 58. सात महिन्यांपूर्वी नवले पुलाजवळ दुचाकी घसरली आणि डाव्या पायाची नडगी खालच्या बाजूला मोडली. टायटॅनियमचा रॉड बसवला. हाडाचा एक तुकडा निघून गेला होता, त्या जागी कृत्रिम हाडाचे दाणे भरले. जखम छान भरली, पण ताज्या एक्स-रेत फ्रॅक्चरची रेघ अजून दिसते आणि पाय टेकला की दुखतं. एका ओळखीच्यांनी सांगितलं, चुंबकीय लहरींचं यंत्र महिन्याच्या भाड्यानं मिळतं, ते लावा. दुसऱ्यांनी घाबरवलं की आत धातू आहे, तो तापेल, रॉड सैल होईल. यातलं खरं काय?

मी पुण्यात 24 वर्षं हाडांच्या शस्त्रक्रिया करतो आहे आणि ही यंत्रं मी बऱ्याच रुग्णांना दिली आहेत, बऱ्याच जणांना नकोही म्हटलं आहे.

आधी भीतीचं बघू, कारण ती लवकर दूर करता येते. रॉड तापत नाही. या यंत्राच्या कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते साधारण 1 ते 2 मिलिटेस्लाचं असतं (टेस्ला हे अशा क्षेत्राचं माप, मिलिटेस्ला त्याचा हजारावा भाग). एमआरआयच्या मशीनमध्ये 1.5 टेस्ला असतं, म्हणजे जवळजवळ हजारपट. शिवाय यातले बदल धातू तापवण्याच्या मानानं सावकाश असतात, सेकंदाला 15 किंवा 75 ठोके, आणि काही यंत्रांत प्रत्येक ठोक्याच्या आत साडेचार किलोहर्ट्झच्या आसपासचे बारीक झटके. टायटॅनियम वीज तशी बेताचीच वाहून नेतं. या वेगाचं क्षेत्र त्याच्यात सुमारे एक सेंटिमीटर खोल सहज शिरतं, आणि नडगीतला रॉड जेमतेम तेवढ्याच जाडीचा असतो. म्हणजे रॉड क्षेत्राला अडवतही नाही आणि त्यातून उष्णताही साठवत नाही. एका इंजिनिअर मित्राच्या प्रयोगशाळेत आम्ही काढून टाकलेला एक रॉड चालू कॉइलच्या मध्यभागी तासभर ठेवला होता, तापमापीची तार चिकटवून. रॉडचं तापमान हललं नाही. कोमट झाली ती कॉइलच. शस्त्रक्रियेत वापरतात ते स्टीलही चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचं नसतं, त्यामुळे जुनी स्टीलची प्लेट असेल तरी ती ओढली जाण्याचा प्रश्न येत नाही.

खरी मनाई वेगळ्याच गोष्टींसाठी आहे. बाबांना पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं कुठलंही विजेवर चालणारं उपकरण असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय यंत्र घरात चालूसुद्धा करू नका. कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी बसवलेलं विजेवरचं उपकरण, असेल तरी तेच. त्या जागी कधी कर्करोगाची गाठ होती का, हेही डॉक्टरांना सांगा. गरोदर स्त्रिया आणि वाढीच्या वयातली मुलं यांना मी हे देत नाही.

आता हे काम करतं तरी कसं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे समजलं की भाड्याच्या यंत्राबद्दल काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

हाडावर भार पडला की त्यात वीज तयार होते. जपानमध्ये यासुदा आणि फुकादा यांनी 1957 साली कोरड्या हाडाला दाब देऊन हे मोजून दाखवलं. जिवंत, ओल्या हाडात कारण थोडं वेगळं असतं: हाडाच्या आत केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं, पाऊल टाकलं की त्यातलं क्षारयुक्त पाणी पिळल्यासारखं सरकतं, आणि त्या सरकण्यातून विजेचा सूक्ष्म दाब तयार होतो. हाडाच्या पेशींना या विजेतून आणि पाण्याच्या ढकलण्यातून कळतं की इथे भार येतोय, इथे हाड लागणार आहे. भार येतो तिथे हाड घट्ट होतं आणि भार जातो तिथलं झिजतं, हे वोल्फ या जर्मन सर्जनने 1892 मध्येच मांडलं होतं.

रॉड किंवा प्लेट आली की या व्यवस्थेत एक अडचण उभी राहते. टायटॅनियमचं मिश्रधातू हाडाच्या पाच-सहापट ताठ, स्टील तर दहापट. पाऊल टाकलं की बराचसा भार धातूच उचलतो आणि शेजारचं हाड रिकामं बसतं. सुरुवातीला तेच हवं असतं, नाहीतर मोडलेली टोकं हलत राहतील. पण महिने जातात तसं हाडाला मिळणारा निरोप अपुरा पडतो. भरलेल्या दाण्यांच्या आत तर जिवंत हाड अजून नाहीच, त्यामुळे तिथून निरोप निघण्याचाही प्रश्न नाही.

अमेरिकेत बॅसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 साली जो मार्ग दाखवला तो असा: वीज आत सोडायला तारा खुपसायची गरज नाही. बाहेर कॉइल ठेवा, तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र झरझर वरखाली करा. फॅरेडेच्या नियमाप्रमाणे आत, ओल्या ऊतींमध्ये, आपोआप वीज उपजते. हिशोब कागदावर होतो. 2 मिलिटेस्लाचं क्षेत्र 200 मायक्रोसेकंदांत चढलं तर पायाच्या मध्यापासून दोन सेंटिमीटरवर दर सेंटिमीटरला सुमारे एक मिलिव्होल्ट मिळतो. चालताना हाड स्वतः जी वीज तयार करतं तिच्याच पंगतीत बसणारा हा आकडा. 1979 मध्ये अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, न जुळणाऱ्या हाडांसाठी या पद्धतीला मान्यता दिली.

यातला कळीचा शब्द आहे 'बदलणारं' क्षेत्र. गादीत, पट्ट्यात किंवा गुडघ्याच्या टोपीत शिवलेले चुंबक स्थिर असतात. ते कितीही जोरदार असले तरी स्थिर पायात वीज उपजवत नाहीत. तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलेली वस्तू जर तारेविना, बॅटरीविना चालणारी असेल तर ती घेऊ नका.

पेशींच्या पातळीवर काय घडतं, याचे काही धागे प्रयोगशाळांत नीट हाती लागले आहेत. पेशीच्या आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं, हाड घडवणाऱ्या पेशींची वाढ होते, बीएमपी आणि टीजीएफ-बीटा ही वाढीची प्रथिनं जास्त तयार होतात, आणि अ‍ॅडेनोसिन या शरीरातल्या रसायनाला धरणारे काही विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) पेशीच्या भिंतीवर वाढतात, ज्यामुळे दाह उतरतो. मेलेल्या हाडाला यातलं काही होत नाही. रक्त नसलेल्या जागी पेशी नाहीत, पेशी नाहीत तिथे क्षेत्राला काम नाही.

इम्प्लांटच्या भोवती हाड धरण्याची गोष्ट जरा वेगळी आहे आणि तुमच्या प्रश्नात दोन्ही आहेत. रॉडचं काम आधार देण्याचं. त्याला हाड चिकटलंच पाहिजे असं नाही. पण भरलेल्या दाण्यांमध्ये हाड शिरलंच पाहिजे. टायटॅनियमवर हवेत आपोआप काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो आणि त्या थराला हाड थेट धरतं. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांच्या कामातून दातांची इम्प्लांट त्यावरच उभी राहिली. दाणे असतात हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइटचे किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे, म्हणजे हाडाच्याच खनिजाचे भाऊबंद. हाडाच्या टोकाकडून रक्तवाहिन्या त्यांच्या छिद्रांत शिरतात, मागून पेशी येतात, आधी घाईघाईनं विणलेलं कच्चं हाड आणि मग काही महिन्यांत पक्कं.

इटलीतल्या फिनी यांच्या गटाने 2002 मध्ये सशांच्या मांडीच्या हाडात हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइटच्या कांड्या घातल्या आणि 75 हर्ट्झ (सेकंदाला 75 ठोके), 1.6 मिलिटेस्लाचं क्षेत्र रोज 6 तास, 3 आठवडे दिलं. क्षेत्र मिळालेल्या सशांत कांडीभोवतीचं हाड अधिक आणि अधिक घट्ट होतं. दातांच्या इम्प्लांटवर जपानमध्ये सशांतच झालेल्या एका प्रयोगात 0.2 आणि 0.3 मिलिटेस्लाला 0.8 पेक्षा चांगला परिणाम दिसला. हा मुद्दा मी रुग्णांना मुद्दाम सांगतो, कारण 'पॉवर वाढवून द्या' ही मागणी रोजची आहे. इथे जोर वाढवून काही साधत नाही. माणसांत खुब्याचा सांधा दुसऱ्यांदा बदललेल्या 30 जणांवर नकली यंत्राशी तुलना करून केलेली एक इटालियन चाचणी 2009 ची आहे, रोज 6 तास, 90 दिवस. खरं यंत्र मिळालेल्यांची हालचाल आणि काही जागची हाडाची घनता जास्त सुधारली. चाचणी छोटी आहे, पण इम्प्लांटभोवतीचं हाड हाच तिचा विषय होता, म्हणून मला ती मोलाची वाटते.

मोडलेल्या नडगीवरचा पुरावा जास्त आहे आणि तो सगळा एका दिशेचा नाही. 1984 मध्ये ब्रिटनमध्ये बार्कर यांनी न जुळलेल्या नडगीच्या रुग्णांपैकी काहींना खरं आणि काहींना बंद यंत्र दिलं. बंद यंत्रवाल्यांतही निम्म्याहून जास्त हाडं जुळली! सगळ्यांना पक्कं प्लास्टर आणि शिस्तीची विश्रांती मिळाली होती, तिनंच मोठं काम केलं. 1990 मध्ये शॅरर्ड यांनी उशीर होत असलेल्या नडगीवर तशीच चाचणी केली. सर्जनच्या तपासणीत खऱ्या यंत्राच्या 20 पैकी 9 जुळली, बंद यंत्राच्या 25 पैकी 3. 2011 मध्ये ताज्या मोडीवर लगेच यंत्र लावून बघितलेल्या 259 जणांच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. आणि 2016 मध्ये नकली यंत्राशी तुलना केलेल्या 15 चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा विजेच्या उपचारानं एक्स-रेत हाड न जुळण्याचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी कमी दिसला. माझं मत याच आकड्यांवर बसलेलं आहे: ताज्या मोडीला देऊ नका, अडलेल्या पण जिवंत हाडाला द्या.

तुमच्या बाबांचं हाड अडलेलं-पण-जिवंत आहे का, हा आता खरा प्रश्न. सात महिने म्हणजे 'उशीर'. 9 महिने उलटले आणि शेवटच्या 3 महिन्यांत काहीच पुढे सरकलं नाही, तर आम्ही 'न जुळलेलं' म्हणतो. नडगीच्या खालच्या भागात स्नायूंचं पांघरूण जवळजवळ नसतं, हाडावर सरळ कातडी, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा मुळातच तोकडा. तिथे सात महिने लागणं ऐकून मी दचकत नाही.

एक्स-रे बघताना एक फसवणूक होते ती सांगतो. भरलेले दाणे खनिजाचे असल्यामुळे पहिल्या दिवसापासून पांढरे दिसतात. घरच्यांना वाटतं, किती हाड भरलंय! फिल्म उजेडासमोर धरा आणि दाण्यांच्या कडा बघा. प्रत्येक दाणा साबुदाण्यासारखा सुटा, काठ रेखीव, असं दिसलं तर आत हाड शिरलेलं नाही. काठ पुसट झाले, दाणे एकमेकांत आणि शेजारच्या हाडात मिसळू लागले, तर काम चाललंय. मग रॉडचे आडवे स्क्रू बघा. स्क्रूभोवती काळी बारीक कड दिसत असेल तर तो सैल झालाय, म्हणजे आत हालचाल होतेय. शंका असेल तर सीटी स्कॅनशिवाय नक्की कळत नाही. साध्या एक्स-रेवर मी स्वतः चुकलो आहे.

हालचालीचा मुद्दा सगळ्यात मोठा. इम्प्लांट आणि हाड यांच्यात सुमारे 150 मायक्रोमीटरहून जास्त हलणं असेल, म्हणजे मिलिमीटरचा सहावा-सातवा भाग, तर तिथे हाडाऐवजी चिवट तंतूंचा थर बसतो. त्या थराला कुठलंही क्षेत्र हाड बनवत नाही. सैल रॉडवर यंत्र लावणं म्हणजे तीन महिने वाया घालवणं. तसंच जंतुसंसर्ग: सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्या सध्याच्या आहेत का ते बघा, सात महिन्यांपूर्वीच्या नकोत. फट एक सेंटिमीटरच्या वर असेल तर मी यंत्र सुचवत नाही, तिथे स्वतःच्या कमरेच्या हाडाचा ग्राफ्ट, म्हणजे तिथून काढून भरलेलं हाड, लागतो. आणि शेजारचं बारीक हाड आधी जुळून आलं असेल तर ते काठीसारखं मध्ये उभं राहतं आणि नडगीची टोकं एकमेकांवर बसू देत नाही. हे तुमच्या सर्जनला आवर्जून विचारा.

मग साध्या गोष्टी. ड जीवनसत्त्व तपासलं का? उन्हाच्या पुण्यात राहूनही ते कमी निघणारे रुग्ण मला आठवड्याला भेटतात. साखर? तंबाखू? बिडी-सिगारेट नाही म्हणणारे बाबा मळून खाल्लेली तंबाखू मोजत नाहीत, आणि घरातल्या बायका मिश्री मोजत नाहीत. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, आणि खालच्या नडगीला तेवढं रक्तही परवडत नाही. वेदनाशामक गोळ्या सात महिने रोज चालू असतील तर त्या कोणत्या हेही दाखवा, त्यातल्या काही हाड जुळण्यात आडव्या येतात.

आणि चालणं. दुखतं म्हणून बाबा पाय टेकत नसतील तर हाडाला त्याची स्वतःची वीजच मिळत नाहीये. सर्जनने परवानगी दिली असेल तितका भार वॉकर धरून रोज टाकायला लावा. कधी कधी आम्ही रॉडचा एक आडवा स्क्रू काढतो, म्हणजे वजन टाकलं की टोकं एकमेकांवर दाबली जातात. छोटं काम आहे, आणि काही जणांना त्यानंतर यंत्राची गरजच उरत नाही.

हे सगळं बघून झालं, रॉड घट्ट आहे, संसर्ग नाही, फट लहान आहे, तर यंत्र जरूर लावा. पण कुठलं आणि कसं?

काही वर्षांपूर्वी सिंहगड रोडवरच्या एका रुग्णाचं मांडीचं हाड यंत्र लावूनही चार महिने जागचं हललं नाही. यंत्र भाड्याचं होतं, दिवा पेटत होता, बारीक गुणगुणत होतं, घरचे रोज नेमानं लावत होते. मी ते मागवून घेतलं आणि त्याच इंजिनिअर मित्राकडे नेलं. त्यानं कॉइलच्या मध्यभागी मोजणीची काडी धरली. मीटरवर 0.04 मिलिटेस्ला आला. ते पृथ्वीचं क्षेत्र होतं, यंत्र नसतं तरी आलं असतं! कॉइलची तार जोडाजवळ आतून तुटलेली होती. चार महिने त्या माणसानं रोज सहा तास एक प्लास्टिकची कडी पायावर ठेवली होती. भाडं घेणाऱ्यांनी यंत्र देण्यापूर्वी एकदाही मोजलं नव्हतं. तो माणूस मला म्हणाला, "डॉक्टर, मी एकही दिवस चुकवला नाही." त्याचं ते वाक्य अजून आठवलं की वाईट वाटतं, आणि तेव्हापासून मोजल्याशिवाय मी कुणाचं यंत्र चालू करू देत नाही.

म्हणून भाड्यानं देणाऱ्याला विचारा: कॉइलच्या मध्यभागी किती मिलिटेस्ला, सेकंदाला किती ठोके, रोज किती तास, आणि शेवटचं मोजमाप कधी केलं. 'खूप पॉवरफुल आहे' हे उत्तर नव्हे. मोजणीचं साधन अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतं, मदत मिळते. तेही जमलं नाही तर साध्या स्मार्टफोनमधला होकायंत्राचा अ‍ॅप कॉइलपासून हातभर अंतरावर धरा. यंत्र चालू-बंद केल्यावर सुई जराशीही थरथरली नाही तर शंका घ्या आणि नीट मोजून मागा. फोन फार जवळ नेऊ नका.

दुसरी चूक अंतराची. पाच सेंटिमीटर त्रिज्येची एक सपाट कॉइल घेतली तर तिच्यापासून पाच सेंटिमीटरवर क्षेत्र जवळजवळ एक तृतीयांश उरतं, दहा सेंटिमीटरवर दहावा हिस्सासुद्धा नाही. आजी-आजोबा कॉइल उशीवर ठेवतात, वर चादर, वर पाय. संपलं. नडगीला दोन बाजूंनी दोन कॉइल किंवा पायाभोवती कडं असेल तर क्षेत्र आत बरंच सारखं पडतं. प्लास्टर किंवा बँडेज मधे आलं तर हरकत नाही, क्षेत्र त्यातून सहज जातं. अडचण त्याच्या जाडीमुळे वाढणाऱ्या अंतराची.

वेळ तुमच्या यंत्राच्या सूचनेप्रमाणे. काही यंत्रं रोज अर्ध्या तासाची आहेत, काही आठ-दहा तासांची, एकाचा वेळ दुसऱ्याला लावू नका. 1991 च्या एका अमेरिकन पाहणीत रोज 3 तासांहून जास्त वापरणाऱ्यांत 80 टक्के हाडं जुळली, कमी वापरणाऱ्यांत 36 टक्क्यांच्या आसपास. नेमानं यंत्र लावणारा माणूस बाकी पथ्यंही नेमानं पाळतो हे त्यात आलंच, तरी कंटाळून मधेच सोडण्यात अर्थ नाही. रात्री झोपताना लावणं बहुतेकांना जमतं.

पुढच्या भेटीला बाबांचे सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्या, पहिल्यापासून. सर्जनकडून फ्रॅक्चरची नेमकी पातळी नडगीवर जेल पेनानं आखून घ्या, अंघोळीनंतर रोज ती रेघ पुन्हा ओढा, आणि कॉइलचा मध्य त्याच रेघेवर येतोय ना ते बघा. सहा आठवड्यांनी त्याच कोनातून पुन्हा एक्स-रे काढा आणि साबुदाण्याच्या कडा बघा. बारा आठवड्यांत त्या तशाच रेखीव राहिल्या तर यंत्र परत करा आणि ग्राफ्टच्या शस्त्रक्रियेची तारीख घ्या. आणखी एक महिना भाडं भरत बसू नका.